झाकणातला थेंब
टेकडीवरच्या इमारतींच्या क्लबघरातलं मतदानकेंद्र गारेगार होतं, सोफे मऊ होते, फक्त मतदार नव्हते. केंद्रप्रमुख मास्तरीणबाई जांभया देऊन दमल्या होत्या. तेवढ्यात त्यांची जुनी विद्यार्थिनी, खालच्या वस्तीतली भाजीवाली, धापा टाकत आली. “बाई, वाटीभर साखर मागतात तशी शाई मागतेय! आमच्याकडे रांग पुलापर्यंत गेलीय, बाटली संपलीय. साहेब म्हणतात, मतदान बंद! माझंही राहिलंय!” बाईंची झोप खाडकन उडाली. झाकणात थेंबभर शाई ठेवून त्यांनी बाटली तिच्या हातात कोंबली. “इथल्या लोकांना एवढी रग्गड. पळ!” बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबताच भाजीवाली किंचाळली, “अंगठा निळा झाला! आता मला मत देऊ देतील?” “बोट कोरं आहे ना? पळ!” संध्याकाळी ती निळा अंगठा, निळं बोट नाचवत परतली. “सगळ्यांचं झालं! तुमचा थेंब पुरला?” “पुरून उरला. वाळलासुद्धा.”