मेलेल्यांनी बोलायचं नाही

व्हिडिओ गेमच्या स्पर्धेत, अंतिम सामन्याच्या अखेरच्या फेरीत कॅप्टन मृण्मयी गोळी लागून मेली आणि स्क्रीनवर टीममधल्या एकमेव जिवंत गड्याकडे बघत बसली. निनाद महागडी बंदूक कवटाळून खोक्यांमागे दडला होता.

धडा तिचाच होता: फेरी हातची जातेय असं दिसलं, की लपून बंदूक वाचवायची, म्हणजे पुढच्या फेरीला नवी विकत घ्यावी लागत नाही. पण आता पुढची फेरीच नव्हती. ही गेली की करंडक गेला.

ओरडावं, तर दुसरा नियमही तिचाच: मेलेल्यांनी बोलायचं नाही, जिवंतांना शत्रूची पावलं ऐकू द्यायची. बोलेल त्याने सगळ्यांना मिसळ चारायची.

फेरी संपायला दहा सेकंद उरल्यावर तिने बोंब ठोकलीच, "अरे मठ्ठा, ही शेवट—"

"श्श! ताई, तू मेलीयस. मिसळ लागली तुला," म्हणत निनाद बंदूक सांभाळून आणखी आत सरकला.