शास्त्रज्ञांना न सुचलेला उपाय

आमच्या बाबासोमामांचा हात मिठाला कधी चुकत नाही, असं अख्खं कोल्हापूर म्हणतं. म्हणजे मामाच म्हणतात. २००४ साली त्यांच्या सोनमचं लग्न ठरलं आणि शिरोळचे व्याही पहिल्यांदाच जेवायला आले. त्या दिवशीही मामांनी मटणाच्या रश्श्याला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

पानं वाढेपर्यंत टीव्हीवर समुद्राचा तळ दाखवत होते. तिथं खाली गरम पाण्याचं एक तळं होतं, इतकं खारट की आत गेलेला मासा जिवंत परत येत नाही.

"आता एवढ्या खारटाला कोण काय करणार?" व्याही हळहळले.

"का? कणकंचं चार गोळं सोडायचं की त्यात!" मामा गरजले. "सगळं मीठ वडून घेत्यात. एवढंबी कळंना व्हय त्या शास्त्रज्ञांस्नी?"

सगळे पोट धरून हसले. मग पंगत बसली. व्याह्यांनी रश्श्यातून मटणाची फोड म्हणून काहीतरी उचललं, दाबून बघितलं, उजेडात धरलं. कणकेचा गोळा होता.



"पावणं," ते म्हणाले, "समुद्रातला एक गोळा हिकडं आलाय जणू."