आईचा सोमवार

डोंगरमाथे बर्फाने पांढरे व्हायला लागले होते आणि आईच्या तापापायी आमची गाडी पश्चिमेला नव्या जमिनीकडे निघालेल्या गाड्यांच्या तांड्याच्या पार मागे पडली होती. त्या माळावर वारांची आठवण फक्त आईलाच असायची. रविवार प्रभूचा, म्हणून ती चाक हलू द्यायची नाही. आम्ही पोरं खोटं बोललो की जिभेला साबण लावायची.

त्या सकाळी तिचा आवाजच खोल गेला होता. बाबांनी भीतभीत विचारलं, "अगं केझाया, आज रविवार तर नाही ना?"

"सोमवार," आई म्हणाली. "मी गेले की इथेच पुरा आणि लगेच निघा. रडत बसलात तर पोरं गारठून मरतील."

दुपारच्या आत ती गेली. बाबांनी वाटेवरच, चाकोरीत खड्डा खणला. लांडग्यांनी उकरू नये म्हणून पुरलेल्या माणसावरून गाडी न्यावी लागते. बैल पाऊल टाकेनात. बाबांनी डोळे मिटून आसूड ओढला.

दिवस बुडताना तांडा दिसला. बैल सोडलेले होते, माणसं स्तोत्रं गात होती. शेजारच्या गाडीतली हॅनामावशी धावत आली. "आलात बाई एकदाचे! आज आम्ही थांबलो म्हणून गाठलंत."

"थांबलात का?" बाबांनी विचारलं.

"असं काय करता, भावजी? आज रविवार ना!"

बाबांनी मागे वळून वाटेकडे पाहिलं.

"खोटारडी," ते म्हणाले आणि गाडीच्या चाकाला धरून खाली बसले.