रोवणीचा महिना

“चावायचा का?” डॉक्टर नूतन मॅडमनी विचारलं.

“चावे जी. ताटं फेके. पाच वर्षांचा घोडा झाला, तरी आंथरुन ओलं करे,” प्रेमिला म्हणाली. पोटच्या पोराचं असं सांगताना तिला लाज वाटली.

आत वॉर्डात तिचा ओमेश डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांच्या गुंगीत पडला होता. पंधरा वर्षांचं पोर, महिन्यात दोनदा मनगट कापून घेतलेलं. तिसऱ्या वेळी आपण वेळेवर पोचू की नाही, या धास्तीने तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. मॅडमनी बजावलं होतं, लहानपणचं काही लपवू नका, त्याशिवाय याच्या मनात काय आहे ते कळायचं नाही. म्हणून आज ती सगळं सांगायला बसली होती.

त्या वेळी तिने काय काय केलं नव्हतं! पोराला बदडलं, उपाशी ठेवलं, पुजाऱ्याचा ताईत दंडाला बांधला. सासू म्हणायची, बाहेरचं लागलं. नवरा म्हणायचा, तूच लाडावलंस. दोघांचंही तिने मुकाट ऐकून घेतलं.

“हे बारा महिने चालायचं?”

प्रेमिला विचारात पडली. “नाही जी. आखाडातच. रोवणी लागली का सुरू. चुलीमागं लपून बसे, हात धरून ओढा लागे. दिवाळीपर्यंत मंग निवळे.”

“भाताच्या रोवणीत तुम्ही दिवसभर शेतात. मग हा कुठे असायचा?”

“पोराइले चिखलात कोन नेते जी? माह्या भावाकडं ठेवो, कुडव्याले.” तिचा चेहरा जरा उजळला. सगळ्या माहेरात तिच्या पाठीशी उभा राहणारा तो एकटाच. “हेमेंद्र. लगन नाही केलं त्यानं. पोराइवर लई जीव त्याचा. सोताच गाडीवर न्याले ये.”

“आणि हे थांबलं कधी?”

“आठव्या वर्षी. त्या साली म्हने, आई, मी तुह्यासंगं दिवसभर रोवतो, पन मामाकडं नाही जात. अन् खरंच रोवलं जी त्यानं. गुडघाभर चिखलात, अंगात ताप होता तरी...”

बोलता बोलता तिलाच ते उमगलं.

मॅडमनी वही मिटली. प्रेमिलाने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. सख्खा भाऊ. दर वर्षी रडत्या पोराला तिनेच त्याच्या गाडीवर बसवून दिलं होतं, वर दोन धपाटेही घातले होते. तिला स्वतःच्या हातांची किळस आली.

“प्रेमिलाबाई,” मॅडमनी हळूच विचारलं, “घरात आणखी लहान कोणी आहे?”

ती धडपडत उठली. खुर्ची मागे कलंडली. यंदाची रोवणी परवाच लागली होती, आणि तिची पाच वर्षांची टीना कालपासून मामाकडे होती.