आकाशाचा झगा

"झाकण उघडू नकोस म्हटलं ना! वाफ गेली की रंग गेला." बाबांनी लेकीच्या हातावर लाकडी दांडी मारल्यासारखं केलं. "सुती कापड शहाणं असतं, कोमट पाण्यातसुद्धा ऐकतं. हे पॉलिस्टर म्हणजे हट्टी कार्टं. रटरट उकळल्याशिवाय ताळ्यावर येत नाही."

"माझ्यावर गेलंय," लेक म्हणाली.

"तुझ्या आईवर," बाबा कुजबुजले.

"ऐकू येतंय मला!" आतून आईचा आवाज आला.

पातेल्यात आकाश शिजत होतं. म्हणजे अजून पांढरंच होतं ते. जुन्या पडद्याचा आईने शिवलेला घोळदार झगा. शाळेच्या नाटकात लेक गेल्या वर्षी मागच्या रांगेतलं झाड होती, तोंडातून चकार शब्द नाही. यंदा ती आकाश होती आणि तिला चक्क अकरा वाक्यं होती. ती अकराच्या अकरा न्हाणीघरातल्या बादलीलासुद्धा पाठ झाली होती. बाई म्हणाल्या होत्या, रंग फिकट हवा, ढग नसलेल्या दिवसाचा. लेकीने नमुना म्हणून वहीचं निळं कव्हरच फाडून आणलं होतं.

रंगाची तिला काळजीच नव्हती. बाबा बावीस वर्षं कारखान्यात कापडाचे रंग जुळवत होते. नमुन्याची चिंधी एकदा डोळ्यांखालून गेली की बास. मात्र अलीकडे त्यांचे तीन लॉट परत आले होते. पावडरच भेसळीची येते, असं बाबा म्हणत. मालक काही म्हणत नव्हते, पण त्यांनी बाबांच्या शेजारी एक नवा माणूस आणून उभा केला होता.

बाबांनी दांडीने झगा वर उचलला, डोळे बारीक केले. "चढलाच नाही. राखेसारखा दिसतोय."

पुडीतली चिमूट पाण्यात पडली.

लेकीला तर तो मघाशीच छान निळा दिसला होता. "बाबा, झालंय की!"

"ओलं कापड नेहमी गडद दिसतं, आकाशबाई. वाळलं की उतरतं. बावीस वर्षं काय गवत उपटलं मी?"

हे मात्र खरं होतं. आणखी एक चिमूट पडली. मग आणखी एक. मग बाबांनी पुडीच झटकली. पाण्याची पार शाई झाली.

शेवटी झगा बाहेर निघाला, तीन पाण्यांतून गेला. बाबांनी त्याचं एक टोक फडक्यात दाबून इस्त्रीने कोरडं केलं आणि खिडकीशी नेलं. भर दुपारचं ऊन होतं.

"आत्ता कसं!" ते म्हणाले. "जुळलं!"

कोरडं टोक जवळजवळ काळं होतं.

लेक हसू दाबून उभी राहिली. बाबांच्या थापा घरात प्रसिद्ध होत्या. आता ओठांचा कोपरा हलणार आणि 'कशी फसलीस!' म्हणणार. कोपरा हलला नाही. वहीचं कव्हर झग्याला लावून बाबा एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरासारखा फुलला होता.

आई हात पुसत आली. तिने झगा पाहिला. मग लेकीकडे पाहिलं.

"अहो, सुरेख झालंय," ती म्हणाली.

बटणाचा रंग किंचित वेगळा निघाला तर दुकानदाराशी तासभर भांडणारी आई! लेक बघतच राहिली. रोज सकाळी आई बाबांचे मोजे जोडी लावून काढून ठेवायची. नवऱ्याचे फार लाड करते म्हणून लेक तिला चिडवायची. आता आईने नजर खाली वळवली.

"कात्री द्या जरा," बाबा म्हणाले. "झालरीतला बोटभर तुकडा घेतो, कुणाला कळायचं नाही. उद्या हा तुकडा आणि हे कव्हर मालकांच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवतो. नव्या माणसाच्या समोर! म्हणावं, बघा, नजर कुणाची गेलीय ते."

"अहो, कशाला उगाच पोरीचा झगा..." आईचं वाक्य तिथेच विरलं.

बाबांनी कात्री घेतली, झालर चाचपली. लेकीने कापडावर, कात्रीच्या पात्यासमोर हात ठेवला.

"काय गं? आकाश नाही का हे?"

"आकाशच आहे, बाबा," ती म्हणाली. "पण रात्रीचं."

आईने गॅस बंद केला. पाण्याची रटरट हळूहळू थांबली. बाबांनी झालर नाकाशी नेली, मग हात लांब करून धरली, मग पुन्हा उन्हात. झग्याच्या काठावरून फरशीवर थेंब पडत राहिले.

मग त्यांनी कात्री खिडकीत ठेवली आणि नेहमीच्या चेष्टेच्या सुरात, पण अगदी हळू, विचारलं,

"चांदणं तरी आहे का गं?"

लेकीने झग्याकडे नीट पाहिलं.

"नाही, बाबा."