फाटकापर्यंत

समाजकार्याच्या कॉलेजात मावशींना दरवर्षी बोलवत, पुस्तकात नसतं ते विद्यार्थ्यांना कळावं म्हणून. "नवऱ्यासमोर विचारलंत तर बाई 'सगळं बरं आहे' असंच सांगणार," त्या बजावायच्या. "निघताना तिला म्हणा, फाटकापर्यंत सोडायला या. मी मार खात होते ना, तेव्हा माझंही तोंड तिथंच उघडलं."

काल शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून त्याच वर्गातली एक पोरगी चौकशीला आली, ती नेमकी मावशींच्याच घरी. मावशींचा मुलगा टीव्हीसमोरून हलला नाही. सुजलेल्या गालाने सून दाराशी उभी होती, आणि सारख्या आत-बाहेर करणाऱ्या मावशी तिला बोलूच देत नव्हत्या. "अगं, कपाटाचं दार लागलं तिला. वेंधळी आहे जरा. आमच्याकडे सगळं बरं आहे."

पोरीने मान डोलावली, पाणी प्यायलं, बॅग उचलली. मावशींचा जीव भांड्यात पडला.



चपला घालता घालता पोरगी सुनेकडे वळली. "ताई, मला जरा फाटकापर्यंत सोडायला येता?"