घशात हात

सातव्या गायीच्या मानेत सुई गेली, तरी ती रवंथ करत राहिली. जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहून घेतला. "ही लसीची पहिली सुई. अशा आणखी चार द्यायच्या. एकही चुकवायची नाही."

सून दोरी धरून उभी होती. महिन्यापूर्वी पिसाळलेलं कुत्रं गोठ्यात शिरलं, दोन-चार गायींना चावून गेलं, तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. काल आठवी गाय लाळ गाळत तडफडून मेली आणि सगळ्यांचे डोळे उघडले.

"मेलेल्या गायीच्या तोंडात कोणी हात घातला होता?" डॉक्टरांनी विचारलं. "घशात काही अडकलंय असं वाटून लोक हमखास घालतात."

"छे!" सासरे म्हणाले. उधळलेला बैल एकट्यानं आवरणारा हा माणूस सुई म्हटली की हातपाय गाळायचा. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडावर बोलायची कोणाची टाप नव्हती.

"बाबा, काहीतरी अडकलंय, बघा ना," असं सुनेनंच त्यांना सांगितलं होतं.

"यांनी घातला होता," ती म्हणाली. "कोपरापर्यंत. दातही लागलाय."

"तू मध्ये बोलू नकोस!" सासरे कडाडले. "माझं जगून झालंय. मी कुठल्याही दवाखान्यात येणार नाही."

डॉक्टर वाद घालत बसले नाहीत. सुनेकडे वळून म्हणाले, "आणि जबडा कोणी उघडून धरला होता?"

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. पाण्यातल्या कामानं बोटांना चिरा पडल्या होत्या. सासऱ्यांच्या काळजीत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मी," ती म्हणाली. आता ती खरी घाबरली.

"अजून वेळ गेलेली नाही. पण आजच लस घ्यायला हवी, दोघांनीही. चला, मी सोडतो."

तिनं नळाखाली साबणानं हात धुतले. पुन्हा धुतले. बाहेर आली तर सासरे डॉक्टरांच्या गाडीत आधीच जाऊन बसलेले, चेहरा पांढराफटक, सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर सारलेली.

"बस लवकर," ते म्हणाले. "आधी मी टोचून घेतो. दुखतं का ते सांगतो तुला."